गळ्याकडे बघून बोलणाऱ्या केळुसकर मॅडम

केळुसकर मॅडम समोरच्याच्या डोळ्यांकडे बघून कधी बोलल्याच नाहीत. त्या गळ्याकडे बघायच्या. नव्या माणसाला वाटायचं, शर्टावर वरणाचा डाग पडलाय. पुरुष दाढी चाचपायचे, बायका पदर सारखा करायच्या. मी स्वतः पहिले कित्येक महिने मंगळसूत्र उलटं झालंय अशा समजुतीत काढले. मग एक दिवस त्या मला म्हणाल्या, "स्मिता, तू गिळताना फार घाई करतेस गो," तेव्हा कुठे मला कळलं की बाई दागिन्याकडे नाही, दागिन्याच्या मागे बघतायत.

परळच्या आमच्या इस्पितळात त्या रेडिओलॉजीच्या मोठ्या डॉक्टर आणि मी एमआरआयची टेक्निशियन. म्हणजे निदान त्यांचं, बटणं माझी. छाती, पोट, गुडघे हे सगळं त्या नेमाने आणि नीट बघायच्या, पण स्वयंपाक उरकावा तसं. एकदा का गळ्याचा फोटो पडद्यावर आला की खुर्ची पुढे ओढली जायची, चष्मा कपाळावर जायचा आणि डब्यातली पोळी हातातच राहायची.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. गळे राहायचे. "तो नाही का, ज्याचं स्वरयंत्र थोडं डावीकडे बसलंय?" असं त्या विचारायच्या आणि तो कोण हे मी ओळखावं अशी त्यांची प्रामाणिक अपेक्षा असायची. आमच्या कॅन्टीनवाल्याला त्या "उंच घाटीवाले" म्हणायच्या. तो बिचारा बुटका होता. घाटी म्हणजे त्याच्या गळ्यावरचा कंठमणी.

एकदा नायगावहून बसने येताना कंडक्टरचा आवाज बसलेला त्यांनी ऐकला. त्याने तिकीट विचारलं. मॅडमनी पर्स उघडायच्या ऐवजी दोन बोटं त्याच्या गळ्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "गिळा." मी शेजारीच बसले होते. मॅडमचा आवाज असा की पुढच्या सीटवरच्या माणसानेही गिळलं, ड्रायव्हरनेही गिळलं असावं. "घसा खाकरू नका, पाणी प्या, आणि दोन दिवस बोलू नका," मॅडमनी त्याला सांगितलं. "मॅडम, मी कंडक्टर आहे," तो म्हणाला. पुढच्या स्टॉपपर्यंत तो घंटीच्या दोरीने आणि हातवाऱ्यांनी काम चालवत होता. आमची तिकिटं राहिली ती राहिलीच, आणि ती रुखरुख मॅडमपेक्षा मलाच जास्त लागली.

हा आवाज त्यांना नायगावच्या बीडीडी चाळीने दिला. वडील पोलिसात हवालदार, मूळ गाव वेंगुर्ल्याकडे. चाळीत एका टोकाने दुसऱ्या टोकाला हाक मारायची म्हणजे फुप्फुसं लागतात, ती त्यांच्याकडे होती. सूर मात्र औषधालाही नव्हता. लहानपणी चाळीच्या गणपतीत त्या आरतीला उभ्या राहिल्या की शेजारच्या काकी सांगायच्या, "तू फक्त टाळ्या वाजव गो." काही दिवसांनी टाळ्याही बंद करायला सांगितल्या, कारण त्याही भलत्याच जागी पडायच्या. तेव्हापासून मॅडम कुठेही गायल्या नाहीत. हे त्या आम्हाला हसत हसत सांगायच्या, पण दर वेळी सांगायच्या, त्यावरून मला वाटायचं की ते त्यांना लागलेलं होतं.

"म्हणून मी गळ्यांच्या मागे लागले," त्या म्हणायच्या. "माझ्यात काय बिघाड आहे ते मला बघायचं होतं. बघितलं. गळा अगदी सरळ आहे माझा. कान वाकडा आहे."

बघितलं ते आमच्याच मशीनमध्ये. शनिवारी दुपारनंतर एमआरआयला गर्दी नसते. रीतसर परवानगी काढून मॅडमनी तो वेळ मागून घेतला होता. माणूस बोलताना, गाताना, ओरडताना गळ्याच्या आत काय काय हलतं याची फिल्म घ्यायची, असं त्यांचं संशोधन. पहिला गळा त्यांचा स्वतःचा. त्या आत आडव्या पडून आरती म्हणत होत्या आणि एमआरआयची धडधड चालू होती. मशीनचा आवाज त्यातल्या त्यात सुसह्य होता, एवढंच सांगते.

नाकातून दुर्बीण घालून गळा बघतात, त्या पद्धतीवर त्यांचा राग होता. "नळी आत गेली की डॉक्टर सांगतो, 'ई' म्हणा. माणूस म्हणतो, ई. उभ्या आयुष्यात कोण 'ई' म्हणत जगतं? गळा घाबरलेला असताना बघायचा आणि म्हणायचं, हा याचा गळा." आम्हाला शिकवताना त्या दोन्ही तळहात समोरासमोर धरायच्या. "या दोन झडपा. श्वास घ्यायचा तर उघडतात, आवाज काढायचा तर मिटतात आणि थरथरतात. यांच्या वर आणखी दोन पडदे. माणूस घाबरला की ते पडदे आवळून घेतो. मग वरून बघणाऱ्याला खालच्या झडपा दिसतच नाहीत. आपण बाहेरून बघतो, हात न लावता. पडद्याखालचंही दिसतं."

दिसायला हवं, पण दिसेना. शीव कोळीवाड्यातल्या ताराबाय मासळीवाल्या. त्यांचा आवाज बाजाराच्या या दारातून त्या दारात जायचा म्हणून मॅडमनी त्यांना मुद्दाम बोलावलं. ताराबायनी नाकातलं, कानातलं, हातातलं सगळं काढून दिलं, आत झोपल्या, आणि ओरडा म्हटल्यावर देवळात बोलावं तसं हळूच "पापलेट" म्हणाल्या. मॅडमनी माइकवरून पुन्हा सांगितलं. आतून उत्तर आलं, "बाय, निजून कोन मासली इकतं?"

मॅडम माइक तोंडाजवळ घेऊन खडूस गिऱ्हाइकाच्या आवाजात म्हणाल्या, "सरंगा कालचा दिसतोय."

त्यानंतर आतून जे आलं ते लिहिण्यासारखं नाही. पण पडद्यावर ताराबायचं स्वरयंत्र लिफ्टसारखं वर गेलं, झडपा खाडकन मिटल्या आणि मॅडम आनंदाने माझा दंड चिमटत राहिल्या. ती फिल्म त्यांनी पुढे डॉक्टरांच्या एका सभेत दाखवली, आवाज बंद ठेवून. त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते मग त्यांचं पालुपदच झालं. "गळा एकट्याने काम करत नाही गो. समोर कोणीतरी लागतं."

चिंदरकर बुवा आमच्याकडे आले ते या पालुपदाची परीक्षा घ्यायलाच जणू.

लालबाग-परळात डबलबारीचं भजन ज्याने ऐकलंय त्याला वेगळं सांगायला नको. ज्याने नाही ऐकलं त्याच्यासाठी सांगते. दोन बुवा आपापली मंडळी, पखवाज, झांजा घेऊन समोरासमोर बसतात. एक गातो, दुसरा त्याला गाण्यातूनच उत्तर देतो, टोमणे मारतो, चुका काढतो, आणि लोक त्यासाठीच जागा धरून बसतात. चिंदरकर बुवा या खेळातले जुने गडी. गिरणीत होते, गिरणी गेली, भजन राहिलं. त्यांच्या गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं, ते नीट झालं, जखम भरली, पण आवाज परत आला नाही. कित्येक महिने बुवा कुजबुजत होते. दुर्बिणीतून पाहिलं तर वरचे पडदे गच्च आवळलेले आणि डावी झडप हलताना काही दिसेना.

आमचे सर्जन डॉक्टर सबनीस सज्जन आणि सरळ माणूस. त्यांनी बुवांना समजावलं की झडपेची नस गेलेली दिसते. बाहेरून छोटा ठोकळा बसवून झडप कायमची मध्ये सरकवायची. बोलता येईल. गाता येणार नाही, निदान वरच्या पट्टीत तरी नाही. ऑपरेशन मंगळवारी ठरलं. बुवांनी मान हलवली आणि कुजबुजले, "देवाची इच्छा."

"देवाला कशाला मधे घेता?" मॅडम म्हणाल्या. त्या तिथे का होत्या, तर कॉरिडॉरमधून जाताना त्यांनी बुवांची शिंक ऐकली होती. शिंक खणखणीत होती. फुसकी नाही, आवाजाची. झडपा मिटल्याशिवाय अशी शिंक येत नाही, असं त्यांचं म्हणणं. नस पुन्हा जागी झालीय आणि बुवा मात्र जुन्या भीतीने पडदे आवळून बसलेत.

"मॅडम, शिंकेवरून मी ऑपरेशन रद्द करू शकत नाही," सबनीस म्हणाले. "मला ती झडप आवाजासाठी हलताना दाखवा. मी सुरी उचलणार नाही."

मध्ये एकच शनिवार होता.

बुवा आले. अंगठी काढली, घड्याळ काढलं, तुळशीची माळ तेवढी राहू दे म्हणाले, ती राहू दिली. गळ्यावर फोटो टिपणारी कॉइल बांधली, कानांवर हेडफोन चढवले, हातात रबरी फुगा दिला. घाबरायला झालं तर तो दाबायचा, इकडे माझ्या टेबलावर बेल वाजते. मशीन सुरू झालं तशी बेल वाजली. मी धावत आत गेले. बुवा कुजबुजले, "काय नाय. ताल धरतंय." मशीनच्या धडधडीत त्यांना ठेका सापडला होता आणि दर समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, ते फुगा दाबत होते. समजावून उपयोग नव्हता. शेवटी मी बेलचा आवाज कमी करून ठेवला. मॅडमना मात्र हे फार आवडलं. "बघ, माणूस आत जिवंत आहे," त्या म्हणाल्या.

पण गा म्हटलं की नुसती हवा. डावी झडप ढिम्म. मॅडमनी ताराबायचा प्रयोग केला, माइकवरून बुवांच्या भजनाला नावं ठेवली. बुवांनी नम्रपणे कुजबुजून मान्य केली. मॅडमच्या संगीतज्ञानावर रागावण्याइतका विश्वास त्यांना मुळीच नव्हता.

हे होणार हे धरून मॅडमनी प्रभादेवीच्या हडकर बुवांना आधीच निरोप धाडला होता. हडकर बुवा म्हणजे चिंदरकर बुवांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. दोघांनी एकमेकांना गाण्यातून जे काही ऐकवलंय ते दोन भावकीतल्यांनी कोर्टात ऐकवलं नसेल. ते आले, पण एकटे नाही. भजनाला बोलावलंय एवढंच त्यांना समजलं होतं, त्यामुळे इस्त्रीच्या पांढऱ्या झब्ब्यात, पखवाज आणि झांजांसह अख्खी मंडळी आली. वॉचमनने झांजा ठेवून घेतल्या. मंडळी बाहेरच्या बाकांवर पेशंटसारखी रांगेत बसली आणि हडकर बुवांना मी आमच्या खोलीत आणलं.

"आता नेहमी बोलता तसं बोला त्यांना," मॅडमनी माइक पुढे केला. "अगदी लागेल असं."

हडकर बुवांनी काचेतून आत पाहिलं. आत बुवांचे फक्त पाय दिसत होते, मशीनच्या तोंडातून बाहेर आलेले, पांढऱ्या चादरीत. हडकर बुवांचा चेहरा पडला. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "बुवानू, मी हडकर. तुमी बरे व्हा हो. तुमच्याशिवाय माका कोण आसा?" आणि ढसाढसा रडायला लागले.

आतून कुजबुज आली, "रडा नको, हडकर."

मॅडमनी कपाळाला हात लावला. भांडायला आणलेला माणूस रडत होता आणि ज्याला राग यायला हवा तो त्याची समजूत काढत होता. मशीन धडधडत होतं, फिल्म चालू होती, पडद्यावर झडप जागची हलत नव्हती. मॅडमचा चेहरा मी पाहिला. मला त्यांच्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. मंगळवार आता टळत नाही असंच मी धरून चालले.

हडकर बुवांनी डोळे पुसले. "मॅडमानू, मी त्येंका वायट बोलूचंय नाय. त्येंचोच एक गजर म्हणतंय. त्येंका बरा वाटात." आणि त्यांनी सुरू केलं.

गजर चिंदरकर बुवांचाच, चालही त्यांनीच बांधलेली. हडकर बुवांनी तो प्रेमाने घेतला, पण हुंदके अजून थांबले नव्हते, त्यात स्पीकरमधून मशीनची धडधड कानावर येत होती, आणि आयुष्यभर पखवाजावर गायलेला माणूस त्या धडधडीत भरकटला. पहिल्या ओळीला थोडं मागे पडलं. माझ्या टेबलावर बेल वाजली, जिथे सम यायला हवी होती बरोबर तिथे. दुसऱ्या ओळीला जास्तच मागे पडलं. पुन्हा बेल, जरा लांब. तिसऱ्या ओळीला हडकर बुवा कुठे होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बेल थांबेचना, फुगा फुटेल की काय असं मला वाटायला लागलं.

आणि मशीनच्या आवाजावर मात करून आतून एक आवाज आला. भरदार, चिडलेला, गंजाची एक खरखर असलेला.

"बुवानू, सम खय आणि तुमी खय!"

"झडप बघ, स्मिता, झडप बघ," मॅडम ओरडत होत्या. डावी झडप उजवीला जाऊन मिळाली होती. मग एकदमच सगळा पडदा धुरकट झाला, कारण चिंदरकर बुवा नुसते बोलून थांबले नव्हते, चूक कुठे झाली ते दाखवायला उठून बसू पाहत होते. मॅडम माइकमध्ये ओरडल्या, "हलू नका, पण बोलत राहा." आत बुवा समेवर बोट ठेवून सांगत होते, इकडे हडकर बुवा "चुकला, चुकला" म्हणत हसत रडत होते, आणि बाहेर मंडळींना वाटलं बारी सुरू झाली, म्हणून पखवाजवाल्याने थाप मारली.

बाहेर काढल्यावर बुवा पुन्हा कुजबुजायला लागले. आवाज आला होता यावर त्यांचा विश्वासच बसेना. मग मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवून ती फिल्म सावकाश लावली. राखाडी रंगाच्या दोन पाकळ्या, एक येते, दुसरी येते, भिडतात. बुवांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"ही डावी माझी?"

"तुमचीच," मॅडम म्हणाल्या. "बघा कशी भांडायला पुढे येतेय."

"म्हणजे मेली नाय ती." बुवांनी पडद्याला हात जोडले, आणि मॅडमनी पहिल्यांदाच पेशंटच्या गळ्यावरून नजर काढून दुसरीकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली.

सोमवारी सबनीसांनी फिल्म पाहिली, पुन्हा पाहिली. "शेवटी डोकं का हललं?" त्यांनी विचारलं. "हडकर बुवांची सम चुकली," मॅडम म्हणाल्या. मंगळवारच्या यादीवरून बुवांचं नाव सबनीसांनी स्वतः काढलं. पुढचं काम स्पीच थेरपिस्टचं, हळूहळू चालणारं. आवाज एकेक सूर करून परत आला. मध्येच रुसायचा, तेव्हा मॅडम बुवांना बोलावून पुन्हा तीच फिल्म दाखवायच्या.

दरम्यान मॅडम निवृत्त झाल्या. नायगावची चाळ पाडायला घेतली होती, त्यामुळे मुंबईत थांबायचं त्यांना कारण उरलं नाही. त्या वेंगुर्ल्याला जायच्या त्याच्या आदल्या रविवारी लालबागच्या एका हॉलमध्ये डबलबारी होती. चिंदरकर बुवा विरुद्ध हडकर बुवा. मॅडम पहिल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. अर्थात त्या गळ्याकडे बघत होत्या आणि शेजारच्या माणसाला काय हलतंय ते समजावून सांगत होत्या. त्याने सभ्यपणे जागा बदलली.

बुवांचा आवाज पूर्वीइतका वर जात नव्हता, पण आवाज होता, आणि टोमणे तर अगदी ताजे होते. शेवटचा गजर चढला, लोक उठून टाळ्या वाजवत साथ करायला लागले. बघते तर मॅडमही उठल्या. टाळी पडली, भलत्याच जागी. मग त्यांनी तोंड उघडलं. चाळीच्या गणपतीपासून बंद ठेवलेला तो आवाज अख्ख्या हॉलवर आला, सूर सोडून, ताल सोडून, आणि समेच्या कितीतरी आधी येऊन दाणकन थांबला.

मी कानांवर हात नेले. सम चुकली तर मशीनमधून उठून बसणारा माणूस आता काय म्हणेल ते मला ऐकायचं नव्हतं. बुवांनी मॅडमकडे पाहिलं, हात वर करून ओळ तिथेच तोडली आणि पखवाजवाल्याला डोळ्यांनी खूण केली. थाप पडली ती मॅडम जिथे थांबल्या होत्या तिथेच.

समोरून हडकर बुवांनी माइक ओढला. इतक्या वर्षांत ही संधी त्यांना कधी मिळाली नव्हती. "बुवानू, सम खय आणि तुमी खय!"

"आज मॅडम सांगतत थयच सम," चिंदरकर बुवा म्हणाले, भर आवाजात, आणि गजर पुढे उचलला.

मॅडमना यातलं काहीच कळलं नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते, मान वर केलेली, पर्स काखेत दाबलेली, आणि त्या जीव तोडून गात होत्या, पुन्हा चुकत होत्या, आणि पखवाज पुन्हा त्यांच्या मागे जात होता. मी त्यांच्या गळ्याकडे बघत उभी होते. अगदी सरळ होता.